रिपोर्ट चांगला, मग मन का खचतं?

प्रश्न : माझ्या मावशीला एचआयव्ही आहे. बारा वर्षं ती न चुकता गोळ्या घेते. रिपोर्ट चांगले येतात, शेतातही जाते. पण वर्षभरापासून गप्प गप्प असते, तिला झोप लागत नाही, लग्नकार्याला येणं टाळते. आजार आटोक्यात असताना असं का व्हावं?
– एक वाचक, कंग्राळी

उत्तर : मावशींसारखा अनुभव अनेकांना येतो. निदान झाल्यावरचे पहिले महिने फार जड जातात. पुढे औषध लागू पडतं, अंगात ताकद येते, तसं मनही उभारी धरतं. भारतात सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रांतून ही औषधं १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. आज वेळेवर निदान होऊन नियमित औषध घेणारा माणूस जवळजवळ इतरांइतकंच जगतो.

पण आयुष्य वाढलं, तशी लपवाछपवीची वर्षंही वाढली. गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल सोलून काढायचं. बाटली वाजू नये म्हणून आत कापूस कोंबायचा. दवाखान्यात गावातलं कुणी भेटलंच, तर ‘बीपीच्या गोळ्या न्यायला आले’ म्हणायचं. बेळगाव हाकेच्या अंतरावर असलं तरी कंग्राळीत घरोघरी ओळख आहे. एवढी लपवाछपवी वर्षानुवर्षं करताना माणूस आतून थकतो, चारचौघांत जाणंच नको वाटतं. एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं, आणि नैराश्य आलं की गोळ्या चुकू लागतात.

शारीरिक कारणंही असतात : थायरॉईड, रक्त कमी असणं, पाळी जाण्याचा काळ. एफाविरेंझ या जुन्या औषधाने काहींना भयंकर स्वप्नं पडत, उदास वाटे. आता बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली गोळी मिळते. तिनेही काहींची झोप उडते. म्हणून डॉक्टरांना हे सगळं सांगा, पण गोळ्या मनाने बंद करू देऊ नका.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, की उपचार हवेत. एआरटी केंद्रात समुपदेशक असतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. नैराश्यावरची औषधं एचआयव्हीच्या औषधांबरोबर घेता येतात. फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत हवीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. मावशी मरणाची भाषा करू लागल्या, तर एकटं सोडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरात दोन गोष्टी सर्वांना ठाऊक हव्यात. पहिली संसर्गाची. एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही. आणि औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर तो शरीरसंबंधातूनही पसरत नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मावशींना राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, आणि उपचार करणाऱ्यांना किंवा विश्वासाने एचआयव्हीची गोष्ट कळलेल्यांना ती त्यांच्या संमतीशिवाय फोडता येत नाही. तेव्हा मदत मागतानाही आधी मावशींना विचारा.

त्यांना उपदेश नको, सोबत हवी. पुढच्या वेळी गोळ्या आणायला त्यांच्याबरोबर जा, आणि डॉक्टरांसमोर रिपोर्टबरोबर झोपेचा आणि मनाचा विषयही काढा.