दक्षिणद्वार घडलं, आता काकींचं दार

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, "अक्का, यंदा दक्षिणद्वार घडलं, घरी पारायण बसवलं, गुरुवार धरले, क्षमावाणीला काकींना मेसेजपण टाकला. आता तरी मी सुटले की नाही?" घरात पाहुणे होते म्हणून तेव्हा बोलले नाही. आता बोलते. थोडं झोंबेल, पण सख्ख्या बहिणीनं नाही बोलायचं तर कुणी?

नाही सुटलीस.

काय घडलं ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, तरी मी सरळ मांडते. कारण इतक्या महिन्यांत तू स्वतः ते एकदाही सरळ मांडलेलं मी ऐकलं नाही. "तो विषय", "ते जे झालं", "माझ्या तोंडून निघून गेलं", असंच ऐकतेय. शेजारच्या काकींच्या मुलीला सांगलीकडचं स्थळ आलं. ती मंडळी रीतीप्रमाणे शेजारीपाजारी चौकशीला फिरली, तुझ्याकडेही आली. तू त्यांना चहा दिलास, मुलगी गुणी आहे म्हणालीस, आणि मग "पण पुण्यात हॉस्टेलला होती ना, आता आपण काय सांगावं" एवढं बोलून गप्प बसलीस. काहीही नव्हतं, आणि काहीही नाही हे तुला माहीत होतं. तुला ते स्थळ नणंदेसाठी हवं होतं. स्थळ मोडलं. नणंदेलाही ते मिळालं नाही, पण तो भाग सोड.

आता दक्षिणद्वाराबद्दल. मी त्याची टिंगल करणार नाही, मलाही ते फार आवडतं. कोयना-वारणेतून पाणी सुटतं, कृष्णा फुगते, नरसोबाच्या वाडीच्या देवळात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, आणि त्या दारात माणसं डोकी भिजवायला उभी राहतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात हलवतात. सगळीकडे माणूस देवाकडे जातो, इथे नदी जाते. पण त्या पाण्याला तू जे काम सांगितलंस ना, ते त्याचं नाहीच. 2019 च्या ऑगस्टमध्ये तेच पाणी आपल्या घरांत शिरलं होतं. तेव्हा तुझ्या सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी छातीशी धरून ट्रॅक्टरमध्ये बसलेली बाई कोण होती, आठवतंय?

काकी.

तुला करुणात्रिपदी तोंडपाठ आहे. ती कशी झाली तेही आईनं आपल्याला सांगितलंय. वाडीत अशी हकिकत सांगतात की 1905 साली पालखीच्या वेळी उत्सवमूर्ती खाली पडली. सगळे हादरले. सेवेत आपलं काहीतरी चुकलंय, देव रागावलाय, असं मनानं घेतलं. टेंबे स्वामींच्या, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींच्या, कानावर ते गेलं आणि त्यांनी ही तीन पदं रचून दिली. तेव्हापासून ती पालखीला म्हटली जातात. लहानपणी मला वाटायचं, मूर्ती पडली एकदा, तिची माफी रोज कशाला? आता कळतं. जिथे घडलं तिथेच, त्याच पालखीपुढे, ज्याचा अपराध झाला त्याच्याच समोर, मोठ्यानं. आड काहीच ठेवलेलं नाही.

पण तिथे दुखावला होता तो देव, म्हणून देवापुढे म्हणणं बरोबर होतं. तू कुठे दत्ताचं स्थळ मोडलंस? ज्याचं देणं त्याच्या दारात न जाता तू भलत्याच दारात हप्ते भरत बसली आहेस, आणि वर पावती मागतेस.

आपलं गाव मशिदीत गणपती बसवणारं. एकमेकांच्या घरचं थोडंफार आपल्याला कळतं. तुझ्या शिलाईच्या क्लासमधल्या कुठल्याही मुस्लिम बाईला विचार, तौबा म्हणजे काय. ती सांगेल की केल्याचं वाईट वाटलं पाहिजे, ते थांबवलं पाहिजे, पुन्हा करणार नाही असं मनाशी ठरवलं पाहिजे. आणि दुसऱ्या माणसाचा हक्क मारला असेल तर तो त्याला परत दिला पाहिजे किंवा त्याच्याकडून माफ करून घेतला पाहिजे. त्याशिवाय नुसत्या नमाजानं ते मिटत नाही. अल्लाचं अल्लापाशी, माणसाचं माणसापाशी. मला हा हिशेब फार पटतो. पारायणात गुरुचरित्रातला कर्मविपाकाचा 28 वा अध्याय तूही ऐकला असशील. कुठल्या पापाला काय भोग आणि कशाला काय प्रायश्चित्त, केवढी यादी आहे त्यात! ती ऐकताना तू आपलं पाप शोधत होतीस की आपलं प्रायश्चित्त स्वस्तात कुठे बसतंय ते?

रागावलीस? थांब, अजून पुढं आहे.

क्षमावाणीचा मेसेज. काकींचं घर जैन, तू त्यांच्या सणाला त्यांच्याच रीतीनं माफी मागितलीस, तुला वाटलं किती शोभून दिसलं. हात जोडलेल्या बाईचं चित्र, कमळ, आणि खाली "कळत-नकळत काही चुकलं असल्यास". तोच मेसेज मला आला, आपल्या भिशीच्या ग्रुपवर आला, गॅसवाल्यालाही गेला असेल. त्यात काकींसाठी वेगळं काय होतं, सांग बघू?

मी शाळेत असताना दशलक्षणात मैत्रिणीबरोबर बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, प्रवचनाला जायचे. भाद्रपद शुद्ध पंचमी ते अनंत चतुर्दशी, दहा दिवस, रोज एक धर्म, पहिल्या दिवशी उत्तम क्षमा. तिथे ऐकलेलं एक प्रकरण डोक्यात पक्कं बसलंय. साधूकडून चूक झाली तर ती गुरूपुढे जशीच्या तशी सांगायची, तिला आलोचना म्हणतात. तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितलेत, त्यांत ही पहिली. उपास, तप हे सगळं नंतर. आणि जुन्या आचार्यांना माणूस किती लबाड असतो हे पुरतं माहीत होतं, म्हणून त्यांनी या सांगण्यातही माणूस कशा पळवाटा काढतो ते लिहून ठेवलं. 'भगवती आराधने'त असे दहा दोष येतात. ते नियम साधूंसाठी आहेत, आपण संसारी बायका, मान्य. पण ऐक, आणि तुझा चेहरा कुठे दिसतो ते बघ.

एका दोषाचं नाव शब्दाकुलित. पाक्षिक, चातुर्मासिक प्रतिक्रमणाला सगळे संघानं जमलेत, जो तो आपले दोष बोलतोय, गलका चाललाय, आणि त्या गलक्यात आपणही आपलं पाप पुटपुटून घ्यायचं. सांगितलं तर आहे, पण ऐकलं कुणी नाही. हजारेक वर्षांहून जुना ग्रंथ, आणि त्यात तुझा फॉरवर्ड केलेला मेसेज!

दुसरा, आकंपित. आधी गुरूची सेवा करायची, त्याला काहीबाही नेऊन द्यायचं, तो विरघळला की मग चूक सांगायची, म्हणजे शिक्षा हलकी होते. दिवाळीत तू काकींकडे बासुंदीचा डबा पाठवलास ना? आणि वाडीचे पेढे? काकींनी डबा धुऊन परत पाठवला आणि त्यात साखर घालून दिली. रिकामा डबा देऊ नये म्हणून. तू मला म्हणालीस, "बघ, त्यांच्या मनात काही नाही." अगं, त्यांना काही ठाऊकच नाही! मोडलेल्या स्थळाचं कारण त्या अजून पत्रिकेत शोधताहेत.

तिसरा म्हणजे छन्न. "समजा एखाद्यानं असं केलं, तर त्याला काय प्रायश्चित्त?" असं आडून विचारून घ्यायचं आणि मग गुपचूप आपल्यापुरतं करून टाकायचं. वाडीत गुरुजींना तू "माझ्या एका मैत्रिणीचं" म्हणून विचारलंस, हे तूच मला हसत सांगितलं होतंस. ते बिचारे त्या मैत्रिणीला उपाय सांगून मोकळे झाले.

आणि शेवटचा मला सगळ्यांत खरा वाटतो. जो स्वतः तेच पाप करतो, त्याच्यापाशी आपलं पाप सांगायचं. तो कशाला कान धरेल? तू हे सगळं पहिल्यांदा कुणाला सांगितलंस? त्या तुझ्या कोपऱ्यावरच्या मैत्रिणीला, जिनं आतापर्यंत निम्म्या गल्लीच्या सोयरिकी जोडल्या आणि उरलेल्या निम्म्या मोडल्या. ती म्हणाली, "एवढं काय त्यात, सगळेच सांगतात." झालं, तुला हलकं वाटलं.

मी तुला वाईट म्हणत नाहीये. वाईट असतीस तर सुटले का म्हणून विचारलंच नसतंस. तुला खुपतंय, हे खरं आहे, आणि ते सोंग नाही. पण खुपणं थांबावं म्हणून केलेलं आणि काकींचं नुकसान भरून निघावं म्हणून केलेलं, ही दोन वेगळी कामं आहेत. आतापर्यंत तू फक्त पहिलं केलंस.

रामेश्वरभट्टांची गोष्ट आठव. वाघोलीचे विद्वान, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे. पुढे अनगडशहांच्या विहिरीवर स्नान केल्यावर अंगाची लाही झाली, काही केल्या शमेना, आणि अखेर तुकोबांच्याच कृपेनं ते शांत झाले, अशी कथा आहे. दाह शमला तिथे आपण गोष्ट संपवतो. मला त्याच्या पुढचा भाग मोठा वाटतो. ते घरी जाऊन गुपचूप बसले नाहीत. ज्याला अधिकार नाही म्हणून चारचौघांत हिणवलं होतं, त्याची थोरवी त्यांनी चारचौघांतच गायली. तुकोबांची आरती लिहिली, स्वतःच्या नावासकट. त्यांच्या पांडित्याची केवढी शोभा झाली असेल तेव्हा! ब्राह्मणसभेत लोक काय काय बोलले असतील! पण जिथे बोलले होते, तिथेच जाऊन ते उलटं बोलले.

म्हणजे तुला कुठे जायचंय ते तुझ्या लक्षात आलं असेल.

आधी काकींकडे. सणावाराला नको, उगाच तीर्थप्रसादाच्या गडबडीत ते बुडून जातं. हातात काही नेऊ नकोस, फूलसुद्धा नाही. बसल्या बसल्या सांग की त्या लोकांना मी असं असं म्हणाले, ते खोटं होतं, आणि मी का म्हणाले ते हे. तीन वाक्यं पुरतात. "सासूबाईंच्या मनात होतं म्हणून" हे मध्ये घालू नकोस, जरी ते थोडंसं खरं असलं तरी. सासूबाईंची तौबा सासूबाई करतील.

आणि रडू नकोस. म्हणजे आलं तर येऊ दे, पण त्याचा देखावा नको. तुझी सवय मला माहीत आहे. तू "मी किती वाईट, मला झोप नाही, मला नरकातही जागा नाही" असं सुरू करशील, आणि त्या माऊलीला उठून तुलाच पाणी द्यावं लागेल, तुझ्याच पाठीवरून हात फिरवावा लागेल. मुलीचं स्थळ तिचं मोडलं आणि सांत्वन तुझं! असल्या रडण्यानं माफी आधीच ओढून घेतल्यासारखं होतं, समोरच्याला रागवायलासुद्धा जागा उरत नाही. तिला रागवू दे. ती मोठ्यानं बोलली, शेजारी जमले, तर जमू देत. ती म्हणाली पुन्हा उंबरा चढू नकोस, तर चढू नकोस. माफ करणं तिच्यावर बंधनकारक नाही. देवळात आपण रांगेत उभे राहिलो की दर्शन मिळतंच, माणसाच्या दारात तसं नसतं.

मुलीशी मात्र परस्पर बोलायला जाऊ नकोस. तिला ऐकायचं असेल तर काकी सांगतील. तिच्या मनावर हा नवा घाव घालायचा की नाही, ते ठरवणं त्या मायलेकींचं.

मग ते स्थळ आणणारे मध्यस्थ. त्यांना फोन करून स्पष्ट सांग की हॉस्टेलबद्दल जे सुचवलं ते माझ्या मनचं होतं, मुलीबद्दल तसं काही नाही. आता ते स्थळ परत येणार नाही, त्या मुलाचं लग्न ठरलंय म्हणतात. तरी सांग. कारण ते मध्यस्थ उद्या दुसऱ्या घरी तुझंच वाक्य पुढे नेतील. तुझ्या मैत्रिणीलाही सांग, आणि भिशीत जिथे जिथे हा शब्द फिरला तिथे तिथेही. लाज वाटेल. आपल्या गावात अशी गोष्ट घाटावरून निघते आणि एसटी स्टँडला पोचेपर्यंत दुप्पट होते, तुझी बातमीही तशीच पसरेल. तुझे दीर बोलतील, नणंद आठवडाभर तोंड फुगवेल. गुरुवारच्या उपासापेक्षा हे जड आहे, म्हणून तर तू गुरुवार धरलेस.

आणि एक. बाराव्या शतकात मोझेस मायमोनिडीज नावाचे ज्यू धर्मपंडित होऊन गेले. त्यांनी पुरा पश्चात्ताप कुणाचा म्हणायचा ते लिहून ठेवलंय. तेच पाप करायची तशीच संधी पुन्हा समोर आली, करायची ताकदही अंगात आहे, कुणाची भीती नाही, आणि तरी माणूस करत नाही, त्याचा. तुझी संधी फार लांब नाही. नणंदेचं अजून जमायचंय, गल्लीत लग्नाच्या मुली आहेत, आणि तुझं घर कोपऱ्यावर, चौकशीवाले आधी तुझ्याकडेच येणार. चहा ठेवशील, मंडळी विचारतील, आणि तो "पण" पुन्हा तुझ्या जिभेवर येईल. त्या दिवशी काय झालं ते मला कळव. दक्षिणद्वार घडलं की नाही ते नाही कळवलंस तरी चालेल.

पारायण, गुरुवार सोडू नकोस हं. मी ते मोडायला सांगत नाहीये. फक्त ते काकींच्या खात्यात मांडू नकोस, ते तुझं आणि दत्ताचं.

बुधवारी दुपारी जा. काका त्या वेळी मळ्याकडे असतात, मुलगी कामावर असते, काकी एकट्याच असतात. चहा दिला तर घे, नाही दिला तर उठून ये. मध्यस्थांचा नंबर मी मिळवलाय, तुला आत्ताच पाठवते.