एका क्लिकचा भाव काढा, मग बॅग भरा

व्हिडिओत कॅमेरा पाहिलात, आता हिशोब. १२० च्या एका रोलवर ६×६ चे १२ फोटो येतात, ६×७ चे १०, ६४५ चे १६. समजा रोल, धुणं, स्कॅन मिळून १८०० रुपये. म्हणजे ६×६ चा एक क्लिक १५० ला!

वाईच्या घाटावर मी याच धास्तीने दिवसभरात एकच रोल काढला आणि घाईत सैल गुंडाळून खिशात टाकला. १२० ला ३५ एमएमसारखी डबी नसते, नुसता मागे कागद. कडेने उजेड शिरला, बाराही फोटोंच्या कडा जळाल्या. १८०० पाण्यात, वर एसटीचं भाडं वेगळं!

आता रोल सावलीतच काढतो, सैल न सोडता चिकटपट्टी लावतो, लगेच काळ्या डबीत. विमानाने जाणार? रोल चेक-इन बॅगेत नको. हातात ठेवा, हाताने तपासायची विनंती करा.