अश्रू कां येतात?

(उपदेशक, शिक्षक व कुटुंबांतील वडील मंडळी यांच्यासाठीं धडा)

आपल्या खेड्यांत कोणाच्या घरीं मृत्यु झाला म्हणजे शेजारीपाजारी जमतात, आणि थोड्याच वेळांत कोणी वडील मनुष्य त्या घरच्या बाईस म्हणतो, "पुरे आतां, बाई. रडूं नका. रडून गेलेलें माणूस परत येणार आहे काय?" तिचा दहा-बारा वर्षांचा मुलगा असला तर त्यास सांगण्यांत येतें, "तूं पुरुष आहेस. पुरुषानें रडावयाचें नसतें." असें बोलणारे निर्दय असतात असें नाहीं. त्यांस समोरचें दुःख पाहवत नाहीं आणि दुसरें काय बोलावें हें सुचत नाहीं. परंतु या सल्ल्यानें दुःखिताचें हित होतें कीं अहित, याचा विचार आपण क्वचितच करतों. तो आज करूं.

१. डोळ्यांतील पाणी तीन प्रकारचें

हिवाळ्यांत नंदुरबार शहराच्या आसपास मिरचीच्या पथारी दिसतात. उघड्या मैदानावर लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि बाया बसून तिचे देठ खुडीत असतात. तोंडास पदर बांधला तरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतेंच. हें पाणी दुःखाचें नव्हे. डोळ्यांत गेलेला तिखट कण धुऊन काढण्यासाठीं शरीरानें केलेली ती तजवीज आहे. चुलीचा धूर व चिरलेला कांदा यांनीं येणारें पाणीहि याच प्रकारचें.

दुसरें पाणी आपणांस दिसत नाहीं, पण तें सदोदित असतें. भुवईखालीं, डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याच्या वर एक लहान ग्रंथि आहे. तिच्यांतून थोडें थोडें पाणी झिरपतें व पापणी लवतांना डोळ्यावर पसरतें. तें नसतें तर डोळा कोरडा पडून त्यास इजा झाली असती. पुढें पेनिसिलिन शोधून काढणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९२२ सालीं असें दाखविलें कीं, अश्रूंत कांहीं जंतूंचा नाश करणारें एक द्रव्यहि असतें. हें पाणी पापण्यांच्या आंतल्या टोकाशीं असलेल्या बारीक छिद्रांतून नाकांत उतरतें. म्हणूनच फार रडलें म्हणजे नाकहि वाहूं लागतें.

तिसरें पाणी मनाचें: दुःखाचें, वियोगाचें, कधीं आनंदाचें. मिरचीच्या पथारीवर बसलेल्या बाईचा निरोप आला कीं तिची मुलगी आजारी आहे, तर त्याच डोळ्यांतून त्याच ग्रंथीचें पाणी वाहील. परंतु त्याचें कारण आतां सर्वस्वी निराळें असेल.

२. मनाचे अश्रू कशासाठीं?

चार्ल्स डार्विन यांनीं १८७२ सालच्या आपल्या ग्रंथांत रडण्याचा पुष्कळ विचार केला. तरी दुःखाच्या अश्रूंस स्वतःचें असें कांहीं प्रयोजन नसावें, असेंच त्यांस वाटलें. आजचे शास्त्रज्ञ निराळें सांगतात. हॉलंडमधील प्राध्यापक फिंगरहूट्स यांनीं या विषयाच्या अभ्यासांत पुष्कळ वर्षें घालविलीं. त्यांचें म्हणणें असें कीं, अश्रू ही एक हांक आहे. पशूंचीं पिल्लेंहि आईवेगळीं झालीं म्हणजे ओरडतात, पण मनाच्या दुःखानें अश्रू ढाळणारा प्राणी मनुष्यच. आरोळी दूरच्या वाघासहि ऐकूं जाते. अश्रू मात्र जवळ असलेल्यासच दिसतो. तो न बोलतां सांगतो, "मला हें एकट्यानें सोसवत नाहीं, माझ्यापाशीं ये."

तान्ह्या मुलाकडे पाहा. पहिले कांहीं आठवडे तें रडतें, पण बहुधा त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळत नाहीं. आधीं केवळ हांक असते. अश्रू मागाहून येतात. रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजीत नाहीं, ही म्हण आपण हंसत हंसत वापरतों, पण ती खरी आहे. बोलतां न येणाऱ्या मुलाजवळ दुसरी भाषाच नसते.

आपल्या भागांत ही भाषा समजून घेणें विशेष अगत्याचें आहे, कारण नंदुरबार जिल्ह्यांत सिकल सेल नांवाचा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ कुटुंबांत आढळतो. त्यांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदना होतात. लहान मुलाचे हात व पाय सुजले असतील आणि तें उगी राहत नसेल, तर दृष्ट लागली म्हणून अंगारा लावीत बसूं नये. त्यास सरकारी दवाखान्यांत नेऊन रक्त तपासून घ्यावें. त्या मुलाचें रडणें हा हट्ट नव्हे.

३. रडल्यानें बरें वाटतें काय?

"मनमोकळें रडून घे, म्हणजे हलकें वाटेल," असें आपण म्हणतों. यांत सत्य आहे, पण अर्धेंच. कोणी असें समजतात कीं अश्रूंवाटे शरीरांतील विष बाहेर पडतें. एका अमेरिकन संशोधकांस कांद्याच्या अश्रूंपेक्षां दुःखाच्या अश्रूंत प्रथिनें अधिक आढळलीं हें खरें. परंतु त्यामुळें शरीर शुद्ध होतें, हें सिद्ध झालेलें नाहीं.

२०१५ सालीं हॉलंडमधील एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. लोकांस करुण चित्रपट दाखविले. जे रडले त्यांचें मन लगेच हलकें झालें नाहीं, उलट अधिक खिन्न झालें. सुमारें वीस मिनिटांनीं तें पूर्वस्थितीवर आलें, आणि दीड तासानें पहिल्यापेक्षांहि बरें झालें. म्हणून रडणाऱ्यास घाई करूं नये. रडें ओसरण्यास वेळ लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट २००८ सालच्या एका अभ्यासांतून दिसून आली. तीन हजारांहून अधिक वेळच्या रडण्याचे अनुभव त्यांत पाहिले होते. बहुतेकांस रडून बरें वाटलें होतें. पण ज्यांस रडतांना कोणी धीर दिला त्यांस तें अधिक वाटलें, आणि ज्यांनीं लाजेनें रडें दाबलें त्यांस कमी. सारांश, औषध केवळ अश्रूंत नाहीं. हांक मारली व कोणी आलें, यांत तें आहे.

४. साने गुरुजी

खानदेशांतील जुन्या माणसांस साने गुरुजींविषयीं सांगावयास नको. १९२४ ते १९३० या काळांत ते अमळनेरास शिक्षक होते व तेथील छात्रालयांतील मुलांची त्यांनीं आईप्रमाणें सेवा केली. आपली आई १९१७ सालीं वारली, तिच्या आठवणींवरून त्यांनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. तें पुस्तक वाचतांना रडला नाहीं असा मराठी वाचक विरळा. त्यावरून निघालेल्या अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. गुरुजींच्या लेखनास रडवें म्हणून हिणविणारेहि होते. परंतु तोच हळवा मनुष्य तुरुंगवासास भ्याला नाहीं, आणि १९४७ सालीं पंढरपूरचें मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुलें व्हावें म्हणून त्यानें उपोषण केलें. डोळ्यांत पाणी येणें हा भित्रेपणा नव्हे, यास याहून मोठा पुरावा कोणता?

तथापि पुढची गोष्टहि सांगितली पाहिजे. ११ जून १९५० रोजीं गुरुजींनीं स्वतःच आपल्या जीवनाचा अंत केला. त्यामुळें त्यांस दुर्बळ म्हणणें हा अन्याय होईल, आणि अशा दुःखाचें एकच कारण दाखविणेंहि योग्य नव्हे. परंतु आपण एवढें शिकावें कीं, जो सर्वांचे अश्रू पुसतो त्याचीहि विचारपूस करणारें कोणी असावें. उपदेशक बंधूंनो, गांवांतील प्रत्येक शोकाच्या घरीं तुम्ही जाऊन बसतां. तुमचें मन भरून आलें म्हणजे तुम्ही कोणापाशीं बसतां?

५. आपण काय करावें?

पहिलें, रडणें म्हणजे विश्वासाची उणीव, असें कोणासहि सांगूं नये. लाजराच्या कबरेपाशीं प्रभु येशू रडला, आणि तोहि थोड्याच वेळांत त्यास उठविणार असतां. योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय पुन्हां वाचा.

दुसरें, शोकाच्या घरीं थोडें बोलावें व पुष्कळ वेळ बसावें. पाण्याचा तांब्या पुढें करावा. गेलेल्या माणसाचें नांव घ्यावें. तें टाळूं नये. मुलग्यासहि रडूं द्यावें. घरचे लोक ऊसतोडीस गुजरातेंत गेले म्हणजे आजीपाशीं राहिलेलें मूल रात्रीं रडतें. त्यास भुताची भीति घालण्यापेक्षां जवळ घ्यावें.

तिसरें, न थांबणाऱ्या अश्रूंकडे लक्ष द्यावें. दोन आठवडे रोज रडें येणें, झोप व भूक जाणें, कामांत मन न लागणें, जगणें नको वाटणें, हीं आजाराचीं लक्षणें होत. कित्येकदां अशा माणसास रडेंहि येत नाहीं. तें दगडासारखें बसून राहतें. त्यास दवाखान्यांत न्यावें. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मनाच्या आजाराविषयीं विनामूल्य सल्ला मिळतो. तो मराठींतहि मिळतो. आणि जो जीव देण्याची भाषा बोलतो त्यास क्षणभरहि एकटें सोडूं नये.

विचारासाठीं प्रश्न

(१) तुमच्या शोकाच्या वेळीं कोणाच्या येण्यानें बरें वाटलें, आणि त्या माणसानें काय केलें?
(२) आपल्या घरांत मुलग्याच्या रडण्यास कोणत्या शब्दांनीं लाजविलें जातें?
(३) गेल्या वर्षभरांत ज्या घरीं मृत्यु झाला, त्या घरीं पहिल्या दहा दिवसांनंतर आपल्यापैकीं कोण गेलें? या आठवड्यांत कोण जाईल?