बॅकअप का अडतो?

आपल्या लालबर्रा येथील पेढ्यांचे हिशेब वहीतून संगणकात आले, तरी ते जपण्याची जबाबदारी कायम आहे. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ अन्वये ते वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने राखावे लागतात.

व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेतला, की मूळ डिस्कमधील लेखन थांबते व नवे बदल निराळ्या फाइलीत उतरतात. जणू पक्की वही मिटून कच्चीत लिहावे. बॅकअप पुरा होताच ही कच्ची वही पक्कीत खतवली गेली पाहिजे. ती तशीच राहिली, तर फुगत जाऊन साठ्याची जागा भरते आणि पुढील बॅकअप अडतो.

अशा वेळी आपण प्रथम मोकळी जागा पाहावी. नंतर, बॅकअपचे काम चालू नसताना, उरलेले स्नॅपशॉट जाणकाराकडून मूळ डिस्कमध्ये विलीन करून घ्यावेत. बदलांची फाइल हाताने कदापि पुसू नये. स्नॅपशॉटनंतरच्या नोंदी तीतच असतात.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, कारण मूळ डिस्क गेली की तोही निरुपयोगी होतो. व्हीएमवेअरच्या सूचनेनुसार एक स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक ठेवू नये. हिशेब ७२ महिने टिकावयाचा असेल, तर बॅकअप स्वतंत्र जागी ठेवावा आणि तो उघडतो की नाही, हे अधूनमधून पडताळून पाहावे.