आधी जमीन वाचावी

ताब्याची ठरलेली तारीख उलटून जावी, तिसऱ्या मजल्याच्या उघड्या सळयांवर दुसऱ्या पावसाळ्याचा गंज चढावा आणि बांधकामाच्या जागेवरचा रखवालदारही एके दिवशी दिसेनासा व्हावा, अशी वेळ आली म्हणजे घर नोंदवलेला माणूस मजुरांची चणचण, वाळूउपशावरील बंदी, कचेरीतील दिरंगाई अशी कारणे ऐकून घेतो आणि त्यांवर विश्वासही ठेवतो, कारण ती सर्वांच्या तोंडी असतात. पनवेल तालुक्यात, माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावी सदनिका घेताना आमच्या कुटुंबाला जो विलंब सोसावा लागला, त्याचे मूळ इमारतीखालच्या भातजमिनीत होते, आणि आम्ही पनवेलचा विचार करण्यापूर्वी कित्येक वर्षे ते सरकारी दप्तरात लिहून ठेवलेले होते. आज जे त्याच रस्त्याने घरे पाहत हिंडत आहेत, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ही हकिकत सविस्तर लिहीत आहे.

मी परळच्या एका शाळेत शिक्षिका होते, यजमान विमा कचेरीत होते, आणि भाड्याची जागा सोडून निवृत्तीपूर्वी स्वतःचे छप्पर करावे ही इच्छा आम्हा दोघांची होती. पनवेल आम्हांला परके नव्हते. मुंबईहून गलबताने पनवेल बंदरात उतरून बोरघाटाच्या वाटेने पुण्यास जाणाऱ्या प्रवाशांचे हे जुने विसाव्याचे गाव, १८५२ साली नगरपालिका मिळालेले, वडाळे तलावाच्या आणि बल्लाळेश्वराच्या आसमंतात वाढलेले. १९९८ साली हार्बरची उपनगरी गाडी येथवर आली तेव्हापासून मुंबईच्या नोकरदारास ते आवाक्यातले वाटू लागले, आणि विमानतळाच्या वार्तेने तर तालुक्यातील प्रत्येक शेताला भाव आला. तो विमानतळ प्रत्यक्ष सुरू झाला २०२५ च्या डिसेंबरात. मधल्या सर्व वर्षांत घरे मात्र त्याच्या नावावर विकली जात होती.

विकासकाने आमच्यापुढे कागद ठेवले ते व्यवस्थित होते. प्रारंभ प्रमाणपत्र होते, महारेराचा नोंदणी क्रमांक होता, चालू सातबारा होता, आणि जमिनीचे मालकी हक्क निर्वेध व विक्रीयोग्य असल्याचा विकासकाच्याच वकिलांचा दाखलाही होता. करारनामा दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात रीतसर नोंदला गेला. अंगठे उमटले, छायाचित्रे निघाली, सूची क्रमांक दोनची प्रत हाती आली आणि बँकेने पहिला हप्ता सोडला. काम तिसऱ्या स्लॅबपर्यंत चढले आणि तिथेच थांबले. त्यानंतर २०२० ची साथ आली. त्या वर्षी प्रकल्पांच्या मुदती सहा महिन्यांनी वाढवण्याचा आदेश महारेराने काढला होता, आणि ते कारण विकासकाच्या कार्यालयात पुढे बराच काळ पुरले.

खरे कारण मला समजले ते मामलेदार कचेरीच्या अभिलेख कक्षात. चालू सातबारा ही जमिनीची आजची स्थिती असते. ती स्थिती कशी आली हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत असते, आणि सातबाऱ्यावर वर्तुळात जे क्रमांक दिसतात ते त्या फेरफारांचेच. मी त्या प्रत्येक क्रमांकाची नक्कल मागितली. त्यांत एक वारसनोंदीचा फेरफार होता: खातेदार मयत, वारस म्हणून विधवा, तीन मुलगे आणि एक मुलगी, पैकी मुलग्यांची नावे कब्जेदार सदरी दाखल, आणि विधवा व मुलगी यांची नावे ‘इतर हक्क’ या सदरात, पानाच्या उजव्या अंगास, लहान अक्षरांत. कोकणातील गावोगावच्या जुन्या दप्तरांत ही रीत आढळते. विकासकाशी करार केला तो तिघा भावांनी, मुखत्यारपत्र दिले तेही त्यांनीच. बहिणीची सही कोठेही नव्हती, आणि त्या निर्वेध म्हटलेल्या दाखल्यात तिचा उल्लेखदेखील नव्हता. तिने वाटपाचा दावा लावला, दिवाणी न्यायालयाने मनाई हुकूम दिला, आणि काम थांबले.

कायदा तिच्या बाजूचा होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच, अविवाहित मुलींपुरता का होईना, दिला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून तो सर्व मुलींस देशभर मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात निःसंदिग्ध सांगितले. सदनिका घेणारे आम्ही काही जण एकदा त्या बाईंच्या घरी गेलो. सोबतच्या एका गृहस्थांनी त्यांना दावा काढून घेण्याविषयी सुचवले, तेव्हा चहाचे कप खाली ठेवून त्या मलाच म्हणाल्या, “बाई, तुमच्या घराशी माझं वैर नाही. पण बापाच्या शेतावर भावांची नावं मोठी आणि माझं नाव कडेला, हे तुम्ही शाळेत शिकवाल का?” या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते, आणि त्यानंतर मी तिला अडथळा असे कधी म्हटले नाही. जिच्या हिश्श्याच्या जमिनीवर आमच्या भिंती उभ्या राहायच्या होत्या तिला वगळून व्यवहार करणारे दुसरेच होते. पुढे तडजोडीचा हुकूमनामा झाला, तिला तिचा हिस्सा मिळाला आणि काम पुन्हा सुरू झाले.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की विकासकाच्या वकिलाच्या दाखल्यावर न विसंबता आपला स्वतंत्र वकील नेमून निदान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, आणि त्यास ‘इतर हक्क’ हे सदर आणि त्यामागचे सर्व फेरफार वाचण्यास बजावून सांगावे. बँकेने प्रकल्प मंजूर केला आहे हे वाक्य पुष्कळदा ऐकू येते. परंतु बँकेची छाननी बँकेच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी असते, आणि कर्ज तर आपल्या पगारातून वसूल व्हायचे असते. त्याच सदरात कुळाचे नाव आहे काय तेही पाहावे. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळकायद्याने जे कूळ मालक मानले गेले, त्याची जमीन कलम ४३ प्रमाणे पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरित होत नसे, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतरही तिच्या विक्रीस त्या कलमाच्या अटी लागू आहेत. आणि या तालुक्यात कातकरी व ठाकूर समाजाच्या जमिनी पुष्कळ असल्याने जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६ अ यांची बाधा आहे काय, हेही विचारावे. मूळ मालकांच्या आणि विकासकाच्या नावाने न्यायालयात दावे चालू आहेत काय, हे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येते.

पनवेलपुरती आणखी एक गोष्ट अशी, की येथे जमीन एका जातीची नाही, आणि कोणत्या जातीच्या जमिनीवर आपण घर घेत आहो हे कळल्यावाचून कोणता कागद मागायचा हेच कळत नाही. जुन्या पनवेलमधील मिळकती खाजगी मालकीच्या. नवीन पनवेल, खांदा वसाहत, कळंबोली, कामोठे, खारघर येथील बहुतेक भूखंड सिडकोचे, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले. तेथे जुनी सदनिका घेताना विक्रेत्याची सही पुरत नाही, सिडकोची हस्तांतरणाची परवानगी व तिचे शुल्क लागते, आणि पहिल्या वाटपापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतच्या करारांपैकी एखादा मूळ दस्त गहाळ असला तर बँक आणि सिडको दोन्हीकडे अडते. साडेबारा टक्क्यांचे भूखंड, म्हणजे संपादित जमिनीच्या मोबदल्यात शेतकऱ्यांना मिळालेले, हे त्यातच, पण निराळे. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांच्या लढ्यात उरणच्या बाजूस पाच जणांनी प्राण दिले, त्या लढ्याचे हे फलित. त्यामुळे अशा एका भूखंडावर पुष्कळदा एका कुटुंबाच्या सर्व वारसांचा हक्क असतो, आणि त्या सर्वांच्या सह्या त्रिपक्षीय करारावर आहेत काय, हे जुळवून पाहावे. याखेरीजच्या बऱ्याच गावांवर २०१३ पासून नैना क्षेत्र म्हणून सिडको नियोजन प्राधिकरण आहे. तेथे नगररचना परियोजना चालू असून शेतकऱ्यास मूळ जमिनीच्या चाळीस टक्के अंतिम भूखंड मिळतो. इमारत ज्या सर्व्हे नंबरावर दाखवली आहे त्याचा अंतिम भूखंड कोणता, रस्ता कोठून जातो आणि तेथवर गटार व पाणी कधी यायचे, हे नकाशा उघडून विचारावे. ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभ्या असलेल्या इमारती याच गावांतून स्वस्तात दाखवल्या जातात. त्या दाखवणारा एजंट मनाने वाईट असेलच असे नाही, पण त्या घरांत राहणाऱ्यांना नोटिशींच्या धास्तीत दिवस काढताना मी पाहिले आहे.

पैशाविषयी थोडक्यात सांगते. करार नोंदल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास रेरा कायद्याच्या कलम १३ ने मनाई आहे. त्याहून अधिक इसार मागणारा इसम कितीही गोड बोलला तरी तेथून उठावे. स्लॅबच्या हप्त्याचे मागणीपत्र आले की वास्तुविशारदाचा दाखला मागावा आणि स्वतः जाऊन स्लॅब पडला की नाही ते पाहूनच बँकेस पत्र द्यावे. कर्जाचे नुसते व्याज आणि घरभाडे असे दोन्ही ज्यांना भरावे लागते, त्यांनी प्राप्तिकराचे एक कलम ध्यानात ठेवावे: कर्ज घेतले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण झाले नाही, तर जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावरील वजावट दोन लाखांवरून तीस हजारांवर येते. विलंबाचा हा खर्च कोणीही हिशेबात धरत नाही.

आता तक्रारीविषयी. महारेराच्या पानावर प्रकल्पाची तारीख पुढे सरकलेली दिसली म्हणून पुष्कळ जण हताश होतात, आमच्यातलेही झाले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात असा निर्णय दिला, की विलंब मोजायचा तो खरेदीदाराशी केलेल्या करारातील तारखेपासून. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे खरेदीदारापुढे दोन मार्ग असतात: प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह सर्व रक्कम परत मागणे, किंवा आत राहून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागणे, महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या कर्जाचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक दोन टक्के असा आहे. कोणता मार्ग धरावा हे ज्याने त्याने आपल्या वयाकडे आणि कर्जाकडे पाहून ठरवावे. तरुण जोडप्याने बाहेर पडून दुसरीकडे घर घेण्यात शहाणपण असू शकते, आमच्या वयात आत राहणेच सोयीचे होते. जमिनीच्या सदोष मालकी हक्कामुळे नुकसान झाले तर त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने भरपाई मागता येते, आणि त्या मागणीस मुदतीच्या कायद्याची आडकाठी नाही, ही गोष्ट आमच्या इमारतीत कोणासही ठाऊक नव्हती. आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे मात्र समजू नये. वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तेथून तहसीलदारांकडे, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल व्हायची असते; त्यात काळ जातो. आम्ही व्याजाची रक्कम शेवटच्या हप्त्यातून वळती करून घेण्याची मागणी अर्जातच केली होती, म्हणून आमची वसुली ताब्याच्या वेळीच झाली. ज्यांचे काही देणे शिल्लक उरले नव्हते, त्यांना पुढे पुष्कळ हेलपाटे पडले. शेवटचा हप्ता राखून ठेवता येईल असा करार करून घेणे यामुळेच महत्त्वाचे.

भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी ‘फर्निचरसाठी’ म्हणून किल्ल्या देण्याचा एक प्रघात आहे. थकलेल्या माणसाला तो मोह आवरत नाही, आणि त्या कागदावर ताबा मिळाल्याची सही केली की व्याजाचा प्रवाह तिथे थांबवण्यास विकासकाला निमित्त मिळते. आमच्या शेजारच्या इमारतीतील कुटुंबे अशीच राहावयास गेली. प्रमाणपत्र नसल्याने त्यांना नळाची रीतसर जोडणी मिळेना, आणि एप्रिल-मे महिन्यांत, देहरंग धरणाचा तळ दिसू लागतो त्या दिवसांत, टँकरच्या पाण्यासाठी म्हातारी माणसे जिन्याच्या तोंडाशी बादल्या मांडून बसलेली मी पाहिली. भोगवटा प्रमाणपत्र झाल्यावर दोन महिन्यांत ताबा घेणे हे कायद्यानेच खरेदीदाराचे कर्तव्य केले आहे; त्यापूर्वी ताबा घेण्याची कोणतीही सक्ती त्याच्यावर नाही.

आमची सहकारी संस्था नोंदली गेली आहे. जमिनीचे अभिहस्तांतरण अद्याप झालेले नाही, आणि १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याखालील नियमांतील चार महिन्यांची मुदत केव्हाच सरली आहे. म्हणून मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे दरखास्त करण्याचे सर्वसाधारण सभेने ठरवले आहे. तिच्याबरोबर सभासदांच्या सूची क्रमांक दोनच्या प्रती, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा आणि फेरफार जोडायचे आहेत. फेरफारांच्या नकला माझ्याकडे आहेत, आणि तडजोडीच्या हुकूमनाम्यानंतर झालेल्या शेवटच्या फेरफारात त्या बाईंचे नाव कब्जेदार सदरी, भावांच्या नावांच्या ओळीत आहे.