वृक्षांचे डोलणे

आषाढ लागला, की पश्चिमेचा वारा सह्याद्रीच्या माथ्यावर आदळू लागतो. दूरच्या टेकडीवरून पाहणाऱ्यास सारे अरण्य एकाच तालावर डोलत आहे, असा भास होतो. परंतु जवळ गेल्यास निराळेच दृश्य दिसते. एक वृक्ष झुकत असतो, त्याच वेळी शेजारचा वृक्ष सरळ होत असतो.

असे का व्हावे? वारा एकसारखा वाहत नाही. झाडांच्या शेंड्यांवर अडखळताच त्यात लहानमोठे भोवरे उत्पन्न होतात आणि तो झोतांनी येऊ लागतो. शिवाय प्रत्येक झाडाच्या डोलण्याची लय स्वतंत्र असते. लहान रोपटे भराभर हलते. उंच वृक्ष संथपणे झुकतो व सावकाश परत येतो. झोपाळ्यास योग्य क्षणी हात लावला, तर हलक्या धक्क्यानेही झोका उंच जातो. त्याचप्रमाणे वाऱ्याचे झोत वृक्षाच्या लयीशी जुळले, तर हेलकावे वाढत जाऊन खोड मोडण्याचा किंवा मुळे उखडण्याचा संभव असतो.

या संकटावर वृक्षाजवळ उपाय आहेत. पाने दुमडून वाऱ्यास वाट देतात. फांद्या आपापल्या लयीने हलून खोडाचा हेलकावा आवरतात. शेजारच्या वृक्षांच्या फांद्या एकमेकींस घासतात, त्यामुळेही त्याचा जोर ओसरतो.

सर्वांत मोठा उपाय मात्र डोलण्यातच आहे. इंग्लंडमधील थॉमस अँड्र्यू नाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने सफरचंदाच्या कोवळ्या झाडांवर प्रयोग करून १८०३ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एक झाड त्याने असे जखडले होते, की ते केवळ दक्षिणोत्तर हलू शकेल. पुढे त्या झाडाचे खोड दक्षिणोत्तर अधिक जाड झाले! त्याच्या दोन व्यासांचे प्रमाण १३ ला ११ असे भरले. जिकडे डोलणे, तिकडे बळ.

अरण्याच्या कडेचे वृक्ष वारा झेलून असेच बळकट झालेले असतात. त्यांवर कुऱ्हाड चालली, तर आतील उंच, सडपातळ वृक्ष एकाएकी उघडे पडतात आणि पुढच्या वादळात कोसळू शकतात.

म्हणून नव्या रोपास आधाराची काठी द्यावी. पण दोरी सैल बांधावी आणि रोपाने मूळ धरताच ती सोडावी. ज्या वाऱ्यात त्याला आयुष्य काढावयाचे आहे, त्याची ओळख त्याला लहानपणीच व्हावयास हवी.