शिपायाच्या मनावरचा भार

पोलीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? खाकी कपडे, हातात काठी, आवाजात जरब. आपण थोडे बिचकतोच. पण हा शिपाई येतो कुठून? पुष्कळदा तो तुमच्या-आमच्यासारख्याच घरातला असतो. मग भरती झाल्यावर हाच मुलगा चिडखोर का बनतो? दर वेळी दोष स्वभावाचा नसतो. कामाचा आणि राहण्याच्या जागेचाही असतो.

आधी काम पाहू. आपल्या राज्यात 1951 सालचा पोलीस कायदा आहे. पोलीस सदैव कामावर आहे, असे तो कायदा मानतो. म्हणजे बोलावणे आले की जेवते ताट सोडून निघायचे. मुंबईत शिपायाची पाळी वर्षानुवर्षे बारा तासांची असे. त्यातून गणपती, निवडणूक, मोठी सभा आली की बंदोबस्त. लोक सण करतात, शिपाई उन्हापावसात उभा. घरी लेकरू तापाने फणफणले तरी रजा मिळेलच असे नाही.

आता जागा पाहू. चौकातल्या शिपायाच्या नाकात दिवसभर धूर आणि कानात भोंगे. घरी तरी विसावा मिळावा ना? मुंबईत वरळी, नायगाव येथे बीडीडी चाळी आहेत. त्या सुमारे 100 वर्षांपूर्वी बांधल्या. तेथे पुष्कळ पोलीस कुटुंबे राहत आली. खोली सुमारे 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने तिथे दिवसा झोपावे कसे? आता त्या चाळींच्या जागी 500 चौरस फुटांची घरे होत आहेत. 2025 साली वरळीतल्या काही कुटुंबांना ती मिळालीसुद्धा.

या सगळ्याचा शरीरावर काय परिणाम होतो? धोका दिसला की छाती धडधडते, रक्ताचा दाब चढतो. धोका टळला की तो उतरतो. ही देवाघरची सोयच आहे. पण रोजच धावपळ, रोजच अपुरी झोप असेल तर शरीराला निवांतपणा मिळत नाही. मग रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे दुखणे मागे लागू शकते. मन चटकन भडकते. तो राग बायकामुलांवर निघतो, नाहीतर ठाण्यात आलेल्या गरिबावर. बैलालासुद्धा आपण दुपारी जू काढून सावलीला बांधतो. मग माणसाला नको का?

यावर उपाय आहे. मुंबईच्या देवनार ठाण्यात 2016 साली आठ तासांची पाळी करून पाहिली. ही कल्पना एका शिपायानेच मांडली होती. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. 2017 साली ती शहरातल्या इतर ठाण्यांतही नेली. पुढे करोनाच्या साथीत ही घडी विस्कटली. 2021 साली राज्यातल्या महिला पोलिसांसाठी आठ तासांचा हुकूम निघाला. वाट सापडली आहे. ती सोडू नये, एवढेच.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. थकवा आला म्हणून गरिबाला दरडावायचा हक्क कोणालाही मिळत नाही. ठाण्यात नम्रपणे बोला, पण भिऊ नका. फिर्याद वाचून मगच सही करा. तिची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. आता तुम्हाला वाचता येते!

आणि तुमच्या घरचा मुलगा पोलिसात असेल तर? रजेवर आल्यावर त्याला पोटभर झोपू द्या. त्याचे ऐकून घ्या. तो गप्प गप्प राहू लागला, दारूकडे वळला, तर ‘नाटक करतो’ म्हणू नका. सरकारच्या 14416 या दूरध्वनी क्रमांकावर मनाच्या दुखण्याविषयी फुकट सल्ला मिळतो. मन दुखणे ही लाज नव्हे. पाय मुरगळला तर आपण दाखवतोच ना?

प्रश्न
1. रात्रपाळीच्या शिपायाला लहान खोलीत झोप का लागत नाही?
2. देवनार ठाण्यात कोणता बदल करून पाहिला?
3. फिर्यादीवर सही करण्याआधी काय करावे?